पुढं वाचवत नाही

"आधी हिचं वाचून होऊ दे," अण्णा म्हणाला आणि डॉक्टर हुक्केरींनी सहीसाठी पुढं केलेलं पेन त्यानं त्यांच्याच खिशाला परत लावून टाकलं.

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मी कॉटखाली बघत होते. तिथं सुतळीनं बांधलेला कागदांचा एक गठ्ठा होता. उशीएवढा जाड. एस.टी.च्या रद्द झालेल्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अण्णानं तो बारीक अक्षरात लिहून काढला होता.

"काय वाचायचंय यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कादंबरी." आवाज इतका बसला होता की त्यातला 'का' तेवढा नीट ऐकू आला. "माझी. विनोदी. अंतराळातली."

डॉक्टर भला माणूस होता. चिडला नाही. "भूपालराव, कादंबरी थांबेल. गाठ थांबणार नाही. गुरुवारी सकाळी मी तुमच्यासाठी थिएटर राखून ठेवलंय. त्यानंतर गाठ खाली श्वासनलिकेत उतरली, तर मलासुद्धा हात लावता येणार नाही."

"गुरुवारपर्यंत वाचती ती. मराठीची मास्तरीण हाय." आणि मला म्हणाला, "पद्मे, उचल गठ्ठा. पण खरं सांगायचं बरं का."

मिरजेला त्याला आणून तेव्हा आठवडा झाला होता. त्याच्या आधी सगळा उन्हाळा गाठीवर लाईट, म्हणजे ती जाळणारी किरणं, घेण्यात गेला होता. गाठ जळाली असं वाटलं, आणि दिवाळीच्या तोंडावर ती पुन्हा उठली. आता एकच इलाज उरला होता. स्वरयंत्र सगळंच्या सगळं काढायचं. गळ्याला पुढून एक भोक ठेवायचं, त्यातून श्वास घ्यायचा. माणूस जगेल, जेवेल, हिंडेल, पण बोलणार नाही. कधीच. आणि नाही काढलं तर काय होईल, ते डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं. "श्वास कोंडून जातो हो माणूस," ते म्हणाले, "शुद्धीवर असताना."

दुसऱ्या कुणाला मुकं होणं कदाचित परवडलं असतं. माझा भाऊ जयसिंगपूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. म्हणजे पत्र्याच्या खोलीत माइकपुढं बसून गाड्या पुकारणारा. गाडी उशिरा येणार असली, तर ती का उशिरा येणार, ड्रायव्हर या घटकेला कुठल्या गावात कुणाच्या हातचा चहा पीत असेल आणि त्यात साखर किती असेल, हे सगळं तो माइकवरून सांगायचा. चिडलेले प्रवासी हसायला लागायचे. साहेबांनी त्याला दोनदा लेखी समज दिली होती. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही, मी लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच. रात्री जेवणं झाली की ताटं तशीच ठेवून तो बोलायला बसायचा आणि हात वाळून खरखरीत होईपर्यंत मी ऐकत बसायची. कोट्या तर विचारू नका. 'मीठ वाढ' म्हटलं तरी त्यावर कोटी. मी कपाळावर हात मारून घ्यायची आणि तो खूश व्हायचा.

गठ्ठा घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले. तिथं रोग्यांचे नातेवाईक कपडे वाळत घालायचे. 'आकाशगंगा आगार' असं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

काय सांगू! पहिली दोन-अडीचशे पानं मी कशी वाचली ते माझं मला कळलं नाही. एस.टी. महामंडळ ग्रहाग्रहांवर गाड्या सोडतंय. रावबा नावाचा कंडक्टर आहे. त्याच्या गाडीत एक आई आपल्या आठ वर्षांच्या पोराचं अर्धं तिकीट काढते. गाडी उजेडाच्या वेगानं पळून परत येते, तोवर पृथ्वीवर साठ वर्षं उलटलेली. पोरगं अजून आठाचंच. आणि तपासनीस म्हणतोय, जन्मदाखल्यावर हा अडुसष्ट वर्षांचा, पूर्ण तिकीट काढा. त्यावर रावबा म्हणतो, मग ज्येष्ठ नागरिक म्हणून परत अर्धंच होतंय साहेब! पुढं वस्तीची गाडी येते. ती ज्या ग्रहावर वस्तीला जाते, तिथली एक रात्र चाळीस वर्षांची. आणि महामंडळाचा नियम असा की सकाळ झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. रावबा आणि ड्रायव्हर तिथं गाडीतच संसार थाटतात, भांडतात, म्हातारे होतात, पण लॉगशीटवर लिहितात, 'मुक्काम - एक रात्र.'

मी इतकी हसले की कपडे पिळणारी एक बाई वळून बघायला लागली. आत ज्याचा गळा कापायचा आहे त्याची बहीण बाहेर बसून फिदीफिदी हसतेय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पान उलटलं की पुन्हा हसू.

आणि मग ती ट्रंक आली.

एका म्हातारीची ट्रंक गाडीच्या टपावरून हरवते. एवढंच. पण ती कुठं गेली असेल यावर पहिल्यांदा सगळे प्रवासी आपापलं मत देतात. मग वाटेतला एकेक स्टँड येतो, त्या स्टँडवरचं कँटीन येतं, त्या कँटीनचा वडा येतो. एका वड्यावर सात पानं. रावबा कुठं गेला ते लेखकाला आठवत नाही. गाडी कुठं चालली आहे तेही आठवत नाही. मधेच एखादं वाक्य असं यायचं की मी खुदकन हसायची, आणि पुन्हा पन्नास पानं वाळवंट. मंगळवारी दुपारी तर मला राग यायला लागला. गाठीचा, डॉक्टरचा, आणि सगळ्यात जास्त या म्हातारीचा. वर्गातल्या पोरींचा निबंध असता तर लाल पेनानं सरळ रेघ मारली असती. कंटाळा आला की माझी मलाच लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी चार पानं सोडून पुढं जायची. असं करत मी निम्मा गठ्ठा नुसता उलटला. शेवटच्या पानावर ट्रंक सापडलेलीच नव्हती.

बुधवारी सकाळी अण्णानं विचारलं, "वाचलीस?"

"वाचली."

"सगळी?"

"सगळी."

"मग? बोल की."

त्याच्या डोळ्यांकडं बघून दुसरं कुणी काय बोललं असतं? "अप्रतिम झालीय, अण्णा," मी म्हणाले. "अगदी तू समोर बसून बोलतोयस असं वाटतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

अण्णानं डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं. माझा भाऊ रडताना मी वहिनीच्या वेळेलासुद्धा पाहिला नव्हता. मला वाटलं, चला, माणूस सुखावला, आता सही करील.

डॉक्टर फेरीला आले, तेव्हा त्यानं उठून बसून त्यांना हात जोडले. "डॉक्टर, आम्हाला रजा द्या. घरी जातो."

"घरी? आणि ऑपरेशन?"

"ते नको आता."

मला वाटलं, ही पण कोटीच असणार. पण तो हसत नव्हता.

"अण्णा, काय म्हणायलास हे?"

"खरं तेच म्हणायलोय. ह्यो गळा वाचवायचा कशासाठी, तर बोलायसाठी. ते तर तुम्ही काढूनच घेणार. मग राहिलेल्या मढ्याला घेऊन मी काय करू? तू शाळेला गेलीस की भिंतीला हातवारे करून दाखवू?" त्याला दम लागला. थांबला, पाणी प्याला. "मला एवढीच धास्ती होती, आपण गेलो की आपलं बोलणं पण गेलं. म्हणून लिहून काढलं सगळं. आता तू म्हणतीस, बरोबर उतरलंय. मग झालं की. माझा आवाज त्या गठ्ठ्यात राहिला. मी सुटलो."

मी काय काय केलं त्या दिवशी! पाया पडले. आईची शपथ घातली. मला कोण आहे रे तुझ्याशिवाय, म्हणून गळा काढला. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुला शाळेतल्या शंभर पोरी हायत. मला माझ्या बोलण्याशिवाय कोण हाय?" मी चिडले, तू भित्रा आहेस म्हणाले. "हाय की," तो म्हणाला. डॉक्टर व्हरांड्यात मला म्हणाले, "बाई, शहाण्या माणसाला मी बांधून घालून कापू शकत नाही. उद्या सकाळी मी येईन. तोवर तुम्ही समजूत काढलीत तर ठीक."

समजूत कसली काढणार? ती तर मीच घालून ठेवली होती. एका शब्दानं. मी 'अप्रतिम' म्हणाले नसते, तर तो अजून धास्तावलेला असता आणि धास्तावलेला माणूस जगायला बघतो.

सकाळी तो पिशवी भरत होता. टॉवेल, तांब्या, रेडिओ. चेहरा असा की जणू यात्रेला निघालाय. गठ्ठा त्यानं माझ्या मांडीवर ठेवला. "ह्याला जपून ने. बसमधी टपावर टाकू नको, ट्रंकेगत हरवंल."

"अण्णा, मी काल खोटं बोलले."

तो टॉवेलाची घडी घालत राहिला. "कशाबद्दल?"

"हे मी सगळं वाचलेलं नाही."

हात थांबले.

"निम्म्यावर सोडलं. लई प्रयत्न केला. पुढं वाचवत नाही."

अण्णानं माझ्याकडं पाहिलं. आणि एवढ्या सगळ्यात, घरी जाऊन मरायला निघालेल्या त्या माणसाच्या ओठाचा कोपरा वर गेला. जन्माची खोड.

"तुला वाचवत नाही," तो म्हणाला, "का मला वाचवत नाही?"

आयुष्यभर मी त्याच्या कोट्यांवर कपाळाला हात लावला. त्या दिवशी नाही लावला. "दोन्ही," मी म्हणाले. "मला वाचवत नाही, आणि तुलाबी हे वाचवत नाही. तुझा आवाज ह्यात राहिलाय म्हणतोस, तो राहिलेला नाही, अण्णा. पहिल्या अडीचशे पानांत आहे. अर्ध्या तिकिटात आहे, वस्तीच्या गाडीत आहे. मी बाहेर बसून हसले, मला लोकांची लाज वाटली इतकी हसले. पण ट्रंकेपासून पुढं दुसराच कुणीतरी माणूस बोलतोय."

"ट्रंक?" आवाज फाटला. "ट्रंक तर सगळ्यात झ्याक हाय! रातच्याला सांगताना तू पोट धरून हसली हुतीस!"

"हसले होते. कारण सांगताना तू माझ्या तोंडाकडं बघत होतास. मला जांभई आली की तुझी ट्रंक सापडायची. कागदाला जांभई येत नाही. म्हणून तू थांबतच नाहीस. डोळे मिटून बडबडत सुटलायस. वड्यावर सात पानं, अण्णा! वड्यावर! हे छापलं, तर लोक म्हणतील, जयसिंगपूरच्या स्टँडवर एक कंटाळवाणा माणूस होता. असा आवाज मागं ठेवून जायचं असेल, तर जा खुशाल. मी रिक्षा बोलावते."

"तुला काय कळतंय गं विनोदातलं!" तो अर्धवट उठला. "निबंध तपासणारी बाई तू! सगळा जन्म ऱ्हस्व-दीर्घ काढण्यात घालवलास..." आणि त्याला खोकला आला. थांबेचना. टॉवेल तोंडाला लावला तो लाल झाला. मी धरायला गेले, तर त्यानं माझा हात झटकला आणि दाराकडं बोट केलं.

मी जिन्यात जाऊन बसले. आता माझ्या हातात काहीच नव्हतं. काल निदान तो समाधानानं तरी मेला असता. आज मी त्याचं तेही काढून घेतलं. आता तो घरी जाईल, श्वास कोंडून जाईल, आणि जाताना त्याला ठाऊक असेल की मागं काहीही राहत नाही. सख्ख्या बहिणीनं सांगितलंय त्याला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं आणि लोक जिना चढत-उतरत होते.

"बाई, वर चला," सिस्टर धावत आली. "तुमचे भाऊ डॉक्टरांशी भांडताहेत."

मी धावले. अण्णानं डॉक्टरांच्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती. आवाज जवळजवळ गेलाच होता, नुसती हवा येत होती. "सरळ सांगा. किती दिवसांत बसून लिहाय येतंय?"

"तीन आठवडे धरा. कदाचित आधीही."

"हात राहत्यात न्हवं माझे?"

"हात मी कशाला काढू, भूपालराव?"

"मग आणा ते पेन." सही करता करता त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. फक्त म्हणाला, "कागदाला जांभई येत नाही म्हणं. हिला दाखवतो."

त्याला ढकलगाडीवरून नेताना मी बरोबर चालत होते. तो अजून घुश्शातच होता. थिएटरचं दार उघडलं, आणि त्यानं मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"बाकी काय पायजे ते काढतो," तो म्हणाला. "ट्रंक मात्र काढणार नाही."

त्याच्या आवाजातलं मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

अण्णा जगला. चांगली अकरा वर्षं जगला. घशातून ढेकरेसारखा आवाज काढून बोलायला शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, त्यांना त्यानं दोन दिवसांत हात जोडले. पोरांची ती मेणकागदी पाटी असते, वरचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जातं, ती मी आणून दिली. पाटीवर बोलणाऱ्याला पाल्हाळ लावता येत नाही. लिहीपर्यंत समोरचा उठून जातो. अण्णा हळूहळू नेमकं लिहायला शिकला. चार शब्दांत काम. आणि पाटीसारखीच त्यानं कादंबरी केली. वडा गेला, कँटीनं गेली, सगळे स्टँड गेले. एक दिवस बघते तो ट्रंकही गेली होती.

पुस्तक निघालं. सडपातळ, देखणं. पुण्याहून लोक भेटायला यायचे. म्हणायचे, काय चपखल लिहिता हो, एक शब्द जास्तीचा नाही! अण्णा मान हलवायचा. पुस्तक खरोखरच चांगलं झालंय, मी शाळेत पोरींनाही तेच सांगायची. मला ते आवडत नाही.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी, एका रविवारी दुपारी, भाजी निवडताना माझ्या लक्षात आलं की मला अण्णाचा आवाज आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. 'पद्मे' ही हाक मनातल्या मनात मारून पाहिली, ती माझ्याच आवाजात आली. मी चप्पल घालून स्टँडवर गेले, जुन्या कंट्रोलरना विचारलं, एखादी टेप वगैरे? ते म्हणाले, "बाई, पुकारलेल्या गाडीची कोण टेप करतंय?" मी तशीच परत आले. आतल्या खोलीत अण्णा झोपलेला होता, गळ्यावरच्या फडक्यातून श्वास येत-जात होता. मला इतकं एकटं त्याच्या मरणानंतरसुद्धा वाटलं नाही.

त्यानं काढून टाकलेली पानं माळ्यावर होती, रद्दीत घालायचं राहून गेलं म्हणून. मी ती खाली काढली. मिरजेच्या बाकावर जी मी न वाचता उलटली होती, त्यांतलंच एक पान हाताला लागलं. मनातल्या मनात वाचून जमेना, म्हणून मोठ्यानं वाचू लागले. म्हातारी कुठल्याशा ग्रहावर उतरून चुलत जावेच्या घरी ट्रंकेची चौकशी करायला गेली होती, आणि जाऊबाई काही तिला उठू देत नव्हत्या. वाक्य संपतच नव्हतं. 'आणि' आला की तिथं श्वास घ्यावा लागत होता. मग पुन्हा 'आणि'. मी तो श्वास घेत गेले, आणि तिसऱ्या की चौथ्या 'आणि'ला माझा आवाज माझा राहिला नाही. ताटं पुढ्यात तशीच टाकून, हात वाळवत, तो बोलत होता. भिकार लिहिलं होतं. एकही ओळ छापण्यासारखी नव्हती. मला रडू येत होतं, पण थांबले असते तर तो गेला असता, म्हणून मी रडत रडत वाचत राहिले.

पान संपलं तेव्हा वर पाहिलं. अण्णा दारात उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. त्यानं पाटी उचलली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढं धरली.

'मग?'

मी पान उलटलं.